माझ्याच बोटाचा थेंब

६ जानेवारी २०२५, सोमवार

जनीचा अहवाल आला. सिकलसेल, आई आणि बाप दोघांकडूनही. आमच्या डॉक्टर संध्या मॅडमनी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेला फोन लावून नमुन्याचा नंबर पुन्हा ताडून घेतला आणि मगच कागदावर सही केली. आता शंकेला जागा नाही.

जनी चौदा महिन्यांची, पोशा आणि बुधीची पहिलीच. दिवाळीनंतर तिच्या हातापायांची बोटं सुजली तेव्हा काहीतरी चावलं असेल म्हणून वाडीत पाला बांधला. तिसऱ्यांदा सुजली तेव्हा बुधी तिला कडेवर घेऊन डोंगर उतरली आणि आमच्या दवाखान्यात आली. रक्त मीच काढलं होतं.

मॅडमनी दोघांना समोर बसवून औषधं, पाणी, थंडीपासून जपणं, ताप आला तर त्याच दिवशी यायचं, असं सगळं सावकाश सांगितलं. पोशा ऐकत होता. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाला, "तू मागं सांगलं व्हतं ना ताई, चारात एक. ती एक झाली. आता पुढची तिगं निर्मळ."

जवळजवळ सुटल्यासारखा चेहरा होता त्याचा. चूक माझीच. मागच्या वर्षी दोघंही वाहक निघाले तेव्हा मी 'चारात एक' म्हणाले आणि पुढच्या माणसाचं बोट धरलं. रांग मोठी होती.

आज टेबलावर वाल आणि चिंचोके मांडले. वाल चांगला, चिंचोका सिकलसेलचा. पोशाच्या मुठीत एक वाल, एक चिंचोका. बुधीच्याही तसंच. मूल येतं ते न बघता प्रत्येकाच्या मुठीतून एकेक दाणा उचलतं. दोन्ही वाल आले तर काहीच नाही. एक वाल, एक चिंचोका आला तर तुमच्यासारखं, आजार नाही, पण पुढे जाऊ शकतो. दोन्ही चिंचोके आले तर जनीसारखं. इथवर दोघांनी माना डोलावल्या. मग मी उचललेले दाणे परत त्यांच्या मुठीत घातले. म्हटलं, दर मुलाच्या वेळी दाणे असे परत मुठीत जातात. ते संपत नाहीत.

पोशा मुठीकडे बघत राहिला. "म्हंजी मोजायचं नाय."

"नाही. दर वेळी नव्याने."

बुधीने विचारलं, तिच्या मुठीत चिंचोका कोणी घातला. आईने नाहीतर बापाने, मी म्हटलं. आणि त्यांच्या? त्यांच्या आईबापांनी. ती पदराआड हसली. "म्हंजी शिवी कोनाला द्यायची त्येबी कळायचं नाय."

बिचारे. आपल्याकडे निदान हे तरी नाही.

घरी आले आणि लेकीचा, हर्षलाचा फोन. सातवा आठवडा आहे म्हणाली, दहिवलीच्या डॉक्टरीणबाईंनी कालच सांगितलं. हर्षलाचे बाबा, नवनाथ, कुंभिवलीच्या कारखान्यातून परत येईपर्यंत मला दम निघाला नाही. ते चपला काढत होते तेव्हाच सांगून टाकलं. एका पायात चप्पल तशीच ठेवून खुर्चीत बसले आणि हसत राहिले.

९ जानेवारी, गुरुवार

वाडीवर शिबिर. पायथ्याशी गाडी सोडून पाऊण तास चढ.

लोक सुईला बिचकतात, म्हणून गेली सहा वर्षं मी सगळ्यांसमोर आधी माझं बोट टोचते. आधी माझं, मग तुमचं. तो थेंब कापसावर पुसून टाकते. आज तो उपयोगी पडेल असं वाटलं, कारण तुलनेसाठी देतात त्या निरोगी रक्ताच्या कुप्या संपल्या होत्या. तपासणीच्या प्रत्येक खेपेला एक नळी खात्रीच्या रक्ताची लावायची असते. ती स्वच्छ राहिली, तिच्या मागच्या कार्डावरच्या काळ्या रेघा दिसल्या, म्हणजे द्रावण ठीक. धुरकट झाली तर द्रावण गेलं.

माझीच नळी धुरकट झाली. मागच्या रेघांपैकी एकही दिसेना. बर्फ कमी घेतला होता, चढावर द्रावण तापलं असणार. बावीस जणांना सांगावं लागलं की आजची तपासणी बाद, पुढच्या गुरुवारी परत या. लोक कामाचा खाडा करून बसले होते. पोशाने वातावरण हलकं केलं. म्हणाला, "ताई, द्रावनाला काय बोलतेस, तुजंच रगत बघ कसं हाय." सगळे हसले, मीही.

१२ जानेवारी, रविवार

काल हर्षलाच्या सासरी पोपटी लावली होती, पाल्याने भरलेल्या मडक्यात वालाच्या शेंगा भाजायला. भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास सगळ्या शेतात. तिला तोच वास सहन होईना, नाकाला पदर लावून बांधावर बसली. जावई देवेश तिच्यासाठी वालाच्या शेंगा सोलून, फुंकर मारून पानावर ठेवत होता. तिने पान परत केलं की स्वतः खायचा, पुन्हा सोलायला घ्यायचा. येसूबाई, तिच्या सासूबाई, म्हणाल्या की देवेश पोटात असताना त्यांनाही पोपटीचा वास नको व्हायचा, आणि बघा, मुलगा पोपटीशिवाय ऐकत नाही. गंमत वाटली. माणूस कुठून काय घेऊन येतो.

१६ जानेवारी, गुरुवार

पुन्हा वाडी. नवं द्रावण, दुप्पट बर्फ. या वेळी माझ्या नळीशेजारी मॅडमच्या रक्ताचीही नळी लावली. मॅडमची स्वच्छ. बावीसपैकी एकोणीस स्वच्छ, तीन धुरकट. ते तिघे वाहक असतील, नमुने जिल्ह्याला पाठवले.

माझी धुरकटच.

काल शेजारच्या साखरपुड्यात वडे जास्त झाले होते. रक्तात तेल चढलं की नळी गढूळ दिसते, हे पुस्तकातही आहे. शिवाय थेंब मोठा पडला होता. मॅडम रांगेकडे होत्या, त्यांना मुद्दाम सांगितलं नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

उपाशीपोटी, छोटा थेंब. धुरकट. नळी नीट विसळली गेली नसेल.

२० जानेवारी, सोमवार

जिल्ह्याला जाणाऱ्या नमुन्यांच्या पेटीत माझाही नमुना ठेवला. नावाच्या जागी फक्त नंबर. द्रावणाची खातरजमा व्हावी एवढ्यासाठीच.

२४ जानेवारी, शुक्रवार

मॅडमनी दार लावून घेतलं. "हा नंबर कुणाचा, वनिताताई? यादीत नाव नाही." मी माझा म्हटलं.

वाहक. एक वाल, एक चिंचोका.

मॅडमनी तोच कागद दोनदा वाचला आणि चहा मागवला. मी म्हटलं, मॅडम, हे आमच्यात नसतं. त्या म्हणाल्या, रक्ताला जात कळत नाही, तुम्हीच शिबिरात सांगता. मी खरंच सांगते. पोस्टरवर लिहिलेलंच आहे.

मला काही होणार नाही हे मला पाठ आहे. एकोणपन्नास वर्षं काही झालं नाही. मॅडमनी विचारलं ते दुसरंच. "हर्षलाचे किती आठवडे?"

दहावा लागतोय. हर्षलाकडे ते गेलं असण्याची शक्यता निम्मी. गेलं असेल आणि देवेशही वाहक निघाला, तर बाळाला दोन्ही चिंचोके येण्याची भीती. मुंबईला पोटातल्या बाळाची तपासणी होते, पण ती बारा-तेरा आठवड्यांच्या आत झालेली बरी. मॅडम म्हणाल्या, आजच सांगा. मी हो म्हटलं.

सांगितलं नाही. फोनवर तिने विचारलं, आवळ्याचं लोणचं आहे का. आहे म्हटलं.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन आटोपून आईकडे गेले, खालापूरच्या पुढे. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, अंगणात वाल निवडत बसली होती. बोट टोचू दिलं, कशाला म्हणून विचारलं नाही. पाच मिनिटांनी तिची नळी आरशासारखी. रेघा मोजता येतील इतकी स्वच्छ.

म्हणजे वडिलांकडून. ते जाऊन अकरा वर्षं झाली, त्यांचं बोट आता कुठून आणू. मी आईला सगळं सांगितलं. तिने सूप बाजूला ठेवलं.

"तुज्या बापाची आय डोंगरातली व्हती गं. लावनीला खाली आली, ती परत गेलीच नाय. म्हायेरचं नाव कोंडी. इकडं राधा केलं."

"मला कधी कुणी बोललं नाही."

"तू कदी इच्यारलंस?" तिने सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "सगळ्यांना ठावं व्हतं. म्हनून तर कोन बोललं नाय."

कुठल्या वाडीची, तेही कोणी विचारलं नव्हतं. आईच्या लग्नानंतर दोनच वर्षांत आजी गेली. हात थंड पाण्यात घातला की सुनेला ओरडायची, पाणी गरम करून घे म्हणून, आणि स्वतः मात्र पहाटे नदीवर जायची. इतकंच आईला आठवतं.

२८ जानेवारी, मंगळवार

नवनाथची नळी स्वच्छ. विकास, आमचा मोठा, पनवेलहून खास आला. त्याचीही स्वच्छ. तो हसत गेला. मी हसले नाही. दोन मुलं, निम्मी शक्यता, विकास सुटला. म्हणजे आता हर्षलाच.

तिला काय तोंडाने सांगू. येसूबाई काय म्हणतील. देवेशने तपासणी करून घ्यायला नकार दिला तर? आजचा दिवस तिला सुखाने खाऊ दे, उद्या सांगेन, असं करत चार दिवस गेले.

३० जानेवारी, गुरुवार

वाडी. मी माझं बोट टोचलं नाही, तर एका म्हाताऱ्याने हातच पुढे केला नाही. शेवटी टोचलं, आणि थेंब कापसावर पुसला.

काम संपल्यावर मॅडम गरोदर बायांना बघत होत्या. मी बुधीच्या ओट्यावर टेकले. जनी तिच्या मांडीवर झोपली होती, औषधाने सूज उतरली आहे, बोटं पुन्हा बारीक दिसतात. बुधी म्हणाली, तुजं तोंड असं का. का कोण जाणे, घराबाहेर पहिल्यांदा मी हे सगळं तिलाच सांगितलं. माझं, आईचं, विकासचं. म्हटलं, मुलगा सुटला गं, म्हणून आता पोरीवरच येणार.

बुधी माझ्याकडे बघत राहिली.

"का गं? दानं मुठीत परत जात्यात ना? तूच दावलंस."

पंचवीस वर्षं रक्त तपासते आहे. तीन आठवड्यांपूर्वी पोशाला जे सोडायला लावलं, तेच मोजणं मी दोन दिवस करत बसले होते. विकासच्या दाण्याचा हर्षलाच्या दाण्याशी काही संबंध नाही. तिचं अजून निम्मं-निम्मंच आहे.

मग तिने विचारलं, "लेकीला सांगलंस?"

"नाही."

"मला जनीचं त्याच दिशी सांगलंस. मी काय दगडाची व्हते?" आवाजात राग नव्हता. जनीच्या अंगावरची माशी तिने हाकलली. "तुजी लेकबी सोसून घेईल."

३१ जानेवारी, शुक्रवार

सांगितलं.

दुपारी दहिवलीला गेले. येसूबाई बाजारात होत्या. मागच्या पडवीत हर्षला कपडे घडी करत होती. मी उभ्यानेच बोलायला लागले, तर तिने मला खाली बसवलं. वाल-चिंचोक्यांची गरज पडली नाही, लहानपणापासून माझं हेच ऐकत मोठी झाली आहे. कधी कळलं, एवढंच तिने विचारलं.

"मागच्या शुक्रवारी."

"सात दिवस? आई, वाडीवर कुणाला सांगायला तू सात मिनिटं थांबत नाहीस."

तिने एक शर्ट पूर्ण घडी केला, मग बोट पुढे केलं. "आणलं असशील ना सगळं. घे."

पाच मिनिटं दोघी नळीकडे बघत बसलो. तिनेच उचलून कार्डासमोर धरली. रेघा नव्हत्या.

मला वाटलं ती रडेल. तिने विचारलं, "तुला आजवर याचा काही त्रास झाला?" नाही म्हटलं. "मग मलाही नाही होणार. आता देवेशचं बघू." आणि मी रडायला लागले तेव्हा घडी केलेल्या कपड्यांतला टॉवेल काढून तिने माझ्या हातात दिला. पुन्हा घडी करावी लागेल म्हणून कुरकुरलीसुद्धा.

तिला आता अकरावा आठवडा आहे. नमुना पेटीत ठेवला. मॅडमनी मुंबईच्या रुग्णालयात बोलून तारीख धरून ठेवली आहे, लागली तर.

३ फेब्रुवारी, सोमवार

हर्षलाने त्याच संध्याकाळी देवेशला सांगितलं. तो उठून म्हशींना पेंढा घालायला गेला. त्याला तीन दिवस झाले. जेवतो, कामं करतो, विषय काढत नाही. ती फोनवर म्हणाली, "रागावलाय गं. माझ्यावर की तुझ्यावर, ते कळत नाही."

येसूबाईंनी मला फोन केला. चौकशी केली, आवाज नेहमीसारखाच. फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "आमच्यात तसलं काय नाय हो, वनिताताई." हे वाक्य मी अलीकडेच कुठेतरी ऐकलंय असं दिवसभर वाटत राहिलं. आठवलं नाही.

हर्षलाचा अहवाल आला, वाहकच. मॅडम म्हणाल्या, गुरुवारपर्यंत वाट बघू, नाहीतर मी स्वतः दहिवलीला जाऊन देवेशशी बोलते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

वाडीवर अकराच्या सुमाराला खालून एक माणूस चढून येताना दिसला. शर्ट घामाने भिजलेला, हातात हेल्मेट. देवेश. दवाखान्यात गेला होता, मी इथे आहे असं कळलं म्हणून मोटारसायकल पायथ्याशी लावून वर आला. मला म्हणाला, "आई, रांग कुठून आहे?" मी म्हटलं, तू ये ना पुढे. नको म्हणाला. वाडीतल्या माणसांच्या मागे, पोशाशेजारी जमिनीवर बसला.

पोशाने त्याला न्याहाळलं. "ताईचं जावय ना तुमी? भ्यू नका. ताईचा हात हलका हाय."

आज नव्हता. देवेशची पाळी आली तेव्हा माझ्या बोटांतून सुई दोनदा निसटली. मॅडम माझ्या जागी येऊन बसल्या आणि त्यांनी त्याचं बोट टोचलं. मी बुधीच्या ओट्याकडे गेले. तिने जनीला माझ्या हातात दिलं. पाच मिनिटं मी तिला घेऊन उभी होते, ती माझ्या गळ्यातल्या मण्यांशी खेळत होती.

देवेशने स्वतःच नळी धरली होती.

"रेघा मोजायच्या असतात का?" त्याने विचारलं.

"नाही रे. दिसल्या की झालं."

"दिसतात. सगळ्या दिसतात."

मॅडमनी नळी घेतली, उजेडात फिरवली, हो म्हणाल्या. पण लगेच बजावलं की या तपासणीला फक्त सिकलसेल दिसतं. रक्तातला दुसरा काही दोष दडलेला असेल तर तो जिल्ह्याच्या तपासणीतच कळतो, आणि तोही सिकलसेलशी जुळला तर बाळाला त्रास देतो. कागद येईपर्यंत मुंबईची तारीख सोडायची नाही.

उतरताना तो माझ्या पिशव्या घेऊन पुढे चालत होता. वळणावर थांबून म्हणाला, "हर्षलाला वाटतंय मी रागावलो. मी घाबरलो होतो, आई. बोललो असतो तर तिला कळलं असतं."

मी म्हटलं, तिला हेच सांग. मीही सात दिवस तेच करत होते.

१० फेब्रुवारी, सोमवार

देवेशचा कागद आला. दोन्ही वाल, दुसरा काही दोषही नाही. संध्या मॅडमनी जिल्ह्याला फोन करून नंबर ताडला, सही केली, आणि मुंबईची तारीख रद्द केली. बाळ एकतर पूर्ण मोकळं असेल किंवा हर्षलासारखं, माझ्यासारखं. जनीसारखं होणार नाही. ऑगस्टच्या शेवटी यायचं आहे, आलं की त्याचीही तपासणी होईल, म्हणजे मोठं झाल्यावर त्याला स्वतःचं ठाऊक असेल.

कागद हातात होता तेव्हा दारात बुधी जनीच्या गोळ्या घ्यायला उभी होती. मला आनंद लपवायचा होता, जमलं नाही. तिने नुसतं विचारलं, "निभावलं?" मी मान हलवली. तिने माझ्या हातावर हात ठेवला, मग गोळ्या कशा द्यायच्या ते पुन्हा एकदा सांग म्हणाली. मी सांगितलं. वाडीत कोणाला ताप आला तर रात्री-अपरात्री फोन कर म्हणून माझा स्वतःचा नंबर लिहून दिला. तो सहा वर्षांपूर्वीच द्यायला हवा होता.

आईला फोनवर सगळं कळवलं. ऐकून घेतलं, बरं झालं म्हणाली, आणि मग म्हणाली, मला त्या वाडीवर ने. मी म्हटलं, अगं, डोंगरात डझनभर वाड्या आहेत, आजी नेमकी तिथलीच कशावरून? ती म्हणाली, "नसंल तर नसंल. इच्यारायला काय जातंय."

पोशाला फोन केला, त्याने संध्याकाळपर्यंत वाडीत विचारून कळवलं. वाडीतल्या एका आंधळ्या म्हातारीला कोंडी नावाची आत्या होती म्हणे. खाली लावणीला गेली, परत आली नाही. तीच असेल असं नाही, नाव काही एकीचंच नसतं. गुरुवारी मॅडमच्या गाडीने आईला पायथ्याशी नेईन. पुढच्या चढासाठी पोशा चार माणसं आणि झोळी घेऊन आठ वाजता खाली थांबणार आहे. आई म्हणते, झोळी नको, मी चालेन. म्हातारीला निरोप गेला आहे, आणि ती आत्तापासून विचारते आहे की येणारीचा आवाज कसा आहे.